जळालेला व्हॉल्व्ह आणि खरा दोषी

माळ्यावरून जुना रेडिओ खाली काढला की घरात सगळ्यांना एकच घाई होते, तो लावून पाहण्याची. कुणी धूळ झटकतो, कुणी प्लग शोधतो, कुणी बटण फिरवायला लागतो. हा लेख त्या प्लगपाशी थांबवण्यासाठी लिहिला आहे. पंचवीस-तीस वर्षे बंद पडलेला व्हॉल्व्हचा रेडिओ थेट विजेला जोडणे म्हणजे अनेक महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उठवून पाच किलोमीटरच्या दौडीत उभे करणे. थोड्याच वेळात धूर निघतो आणि सहज दुरुस्त झाला असता असा रेडिओ भंगारात जातो.

जुने रेडिओ जमवणे आणि दुरुस्त करणे हा माझा छंद आहे. बाबांची बदली चेन्नईला झाल्यापासून सुट्टीत मी तिकडे जातो, आणि हा छंद मला तिथेच लागला. या लेखात मी तीन गोष्टी सांगणार आहे. रेडिओच्या आत काय चालते, तो जिवाला धोका न होऊ देता कसा तपासावा, आणि दोष कसा शोधावा. यातली तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. तिचा उपयोग रेडिओपुरता नाही, असे मला वाटते.

छंदिष्टांनी सुरू केलेले रेडिओ केंद्र

भारतात रेडिओ सरकारने आणला असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात सुरुवात केली ती हौशी लोकांनी. मुंबईत जून १९२३ मध्ये रेडिओ क्लबने कार्यक्रम प्रक्षेपित केला. चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमध्ये, १६ मे १९२४ रोजी मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब स्थापन झाला. त्यामागे सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी यांचा पुढाकार होता. ३१ जुलै १९२४ पासून क्लबचे कार्यक्रम सुरू झाले. पहिला प्रक्षेपक फक्त ४० वॅटचा होता. आपल्या बराकीतला छताचा पंखा त्याहून जास्त वीज खातो.

पुढे २०० वॅटचा प्रक्षेपक आला, पण पैसे अपुरे पडले आणि १९२७ मध्ये क्लब बंद झाला. यंत्रे मात्र भंगारात गेली नाहीत. क्लबने ती मद्रास महानगरपालिकेला दिली आणि १ एप्रिल १९३० पासून महानगरपालिकेने स्वतःचे प्रसारण सुरू केले. ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता त्यांच्यासाठी मरीना किनाऱ्यावर आणि उद्यानांत कर्णे लावले होते. १६ जून १९३८ रोजी ऑल इंडिया रेडिओचे मद्रास केंद्र सुरू झाले आणि हे काम त्याच्याकडे गेले. चौदा वर्षांत क्लब, महानगरपालिका आणि सरकार असा हा प्रवास झाला. पहिले पाऊल छंद म्हणून पडले होते, हे आपण लक्षात ठेवावे.

आज चेन्नईत या छंदाचे माहेरघर म्हणजे रिची स्ट्रीट. अण्णा सलाईपासून, म्हणजे जुन्या माउंट रोडपासून, आत वळले की ही गल्ली लागते. आता तिथे मोबाइल, संगणक आणि सीसीटीव्हीची दुकाने आहेत. पण ती वाढली रेडिओच्या सुट्या भागांवर. अजूनही एखाद्या अरुंद जिन्याखाली बसलेल्या दुकानदाराकडे पुठ्ठ्याच्या पिवळ्या पडलेल्या खोक्यात जुने व्हॉल्व्ह सापडतात.

रेडिओच्या आत काय चालते

हवेत एकाच वेळी अनेक केंद्रांच्या लहरी असतात. त्यांतून एक निवडायची आणि तिला लाखो पटींनी मोठी करायची, हे रेडिओचे काम. प्रत्येक केंद्राची कंप्रता वेगळी असल्यामुळे सुरुवातीच्या रेडिओंत केंद्र बदलताना प्रत्येक टप्पा नव्याने जुळवावा लागे. यावर १९१८ मध्ये पॅरिसला असताना एडविन आर्मस्ट्राँग यांनी उपाय शोधला. ते तेव्हा अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरमध्ये अधिकारी होते. त्यांची कल्पना अशी की, कोणतेही केंद्र असो, आत आल्यावर ते एकाच ठरावीक कंप्रतेवर आणायचे. मग पुढचे सगळे टप्पे त्या एका कंप्रतेसाठी कायमचे जुळवून ठेवता येतात. या रचनेला सुपरहेटरोडाइन म्हणतात.

उदाहरण घेऊ. चेन्नई 'अ' केंद्र ७२० किलोहर्ट्झवर आहे. रेडिओतली ठरावीक कंप्रता बहुधा ४५५ किलोहर्ट्झ असते. आपण काटा ७२० वर आणतो तेव्हा रेडिओच्या आतला आंदोलक ७२० अधिक ४५५, म्हणजे ११७५ किलोहर्ट्झ तयार करतो. या दोन लहरी एकत्र मिसळल्या की त्यांच्यातला फरक मिळतो. ११७५ वजा ७२० बरोबर ४५५. मुंबई 'अ' केंद्र १०४४ वर आहे, तिथे आंदोलक १४९९ वर जातो आणि फरक पुन्हा ४५५ येतो. पुणे ७९२ वर आहे. त्यासाठी आंदोलक किती लागेल ते वहीत काढून पाहा, उत्तर १२४७ यायला हवे.

आता हे काम कोणता व्हॉल्व्ह करतो ते पाहू. व्हॉल्व्हवरचा क्रमांक पाहून घाबरू नका, ते त्याचे नाव आणि हुद्दा दोन्ही आहे. युरोपीय पद्धतीत पहिले अक्षर फिलामेंटची वीज सांगते. 'ई' म्हणजे ६.३ व्होल्ट. पुढची अक्षरे काम सांगतात. 'सी' म्हणजे ट्रायोड, 'एच' म्हणजे मिश्रण करणारा, 'एफ' म्हणजे पेंटोड, 'बी' म्हणजे दोन डायोड, 'एल' म्हणजे स्पीकरला ताकद देणारा, 'झेड' म्हणजे एसीचे डीसी करणारा आणि 'एम' म्हणजे हिरवा चमकणारा मॅजिक आय. आकडा ८ ने सुरू झाला की खाली नऊ पिना असतात.

माझ्या रेडिओत सहा व्हॉल्व्ह आहेत. ईसीएच ८१ आंदोलन आणि मिश्रण करतो. ईएफ ८९ हा ४५५ किलोहर्ट्झची लहर मोठी करतो. ईबीसी ८१ त्या लहरीतून आवाज वेगळा काढतो आणि त्याला पहिली वाढ देतो. ईएल ८४ तो आवाज स्पीकरपर्यंत नेण्याइतका बलवान करतो. ईझेड ८० सगळ्यांना सुमारे २५० व्होल्ट डीसी पुरवतो. आणि मॅजिक आय केंद्र नीट लागले की नाही ते दाखवतो. एका तुकडीसारखेच हे आहे. प्रत्येकाचे काम वेगळे, पण रसद एकाच ठिकाणाहून येते. रसद बिघडली तर सगळी तुकडी बसते.

या प्रकारचे व्हॉल्व्ह आपल्या देशातही बनत. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने, म्हणजे आपल्या सैन्यासाठी उपकरणे बनवणाऱ्या कंपनीने, घरगुती रेडिओचे व्हॉल्व्हही तयार केले. मराठी घरांत प्रसिद्ध असलेल्या मर्फी रेडिओचा कारखाना ठाण्यात होता.

आधी जीव, मग रेडिओ

हा भाग पालकांनीही वाचावा अशी विनंती आहे. मोबाइलची बॅटरी चार व्होल्टच्या आसपास असते. व्हॉल्व्हच्या रेडिओत २५० ते ३०० व्होल्ट डीसी असते, आणि प्लग काढल्यावरही ते आतच राहू शकते.

ते साठते मोठ्या कपॅसिटरमध्ये, ज्याला जुने मेकॅनिक कंडेन्सर म्हणतात. ५० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३०० व्होल्टला भरलेला असेल तर त्यातली ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले धारकता गुणिले व्होल्टेजचा वर्ग, उत्तर २.२५ ज्यूल. आकडा लहान दिसतो, पण हा धक्का हात फेकून देतो आणि छातीतून गेला तर जिवावर बेततो. तो रिकामा करायला स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडायची नसते. १० किलोओहमचा, १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या वायरींनी जोडायचा. १० किलोओहम गुणिले ५० मायक्रोफॅरड म्हणजे अर्धा सेकंद. त्याच्या पाचपट, म्हणजे अडीच सेकंदांत कपॅसिटर जवळजवळ रिकामा होतो. तरी मी दहापर्यंत मोजतो आणि मग मीटरने खात्री करून घेतो.

दुसरा धोका याहून फसवा आहे. काही स्वस्त रेडिओंत ट्रान्सफॉर्मरच नसतो. त्यांतले व्हॉल्व्ह 'यू' अक्षराने सुरू होतात, जसे यूसीएच ८१, यूएल ८४, यूवाय ८५. यांची फिलामेंट्स दिवाळीच्या माळेसारखी एकामागे एक जोडलेली असतात आणि लोखंडी सांगाडा थेट मेन्सच्या एका तारेला जोडलेला असतो. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की सगळा सांगाडा २३० व्होल्टवर येतो. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि जाणता माणूस शेजारी नसेल तर अशा रेडिओची मागची पाटी उघडूच नये. मीही अजून उघडत नाही.

माझे नियम असे. एकट्याने काम करायचे नाही. पायात रबरी चप्पल, अंगठी आणि घड्याळ काढलेले. वीज चालू असताना मोजमाप करायचे तर मोठे माणूस स्विचपाशी उभे हवे, आणि आपला एक हात पाठीमागे. कॅडेटला हे अवघड नाही, अर्धे विश्राम समजावे. सोल्डरिंग करताना खिडकी उघडी, आणि काम संपल्यावर हात साबणाने धुवायचे, कारण जुन्या सोल्डरमध्ये शिसे असते.

तपासणीचा क्रम

पहिल्या दिवशी वीज नाहीच. मागची पाटी काढा आणि नुसते पाहा. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, फुगलेले कपॅसिटर, मेण गळालेले भाग, काळे पडलेले रेझिस्टर, हे सगळे वहीत लिहा. मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. नंतर एखादी वायर सुटली तर हे फोटो नकाशासारखे उपयोगी पडतात. प्रत्येक व्हॉल्व्ह कोणत्या सॉकेटमधून निघाला ते लिहून ठेवा.

दुसरी पायरी थंड मोजमापाची. मल्टिमीटरने ट्रान्सफॉर्मरची वेटोळी तुटली नाहीत ना, स्पीकरची कॉइल अखंड आहे ना, आणि २५० व्होल्टची वाट सांगाड्याला शॉर्ट झालेली नाही ना, हे पाहायचे.

तिसरी पायरी बल्बची. ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब रेडिओच्या वाटेत सिरीजमध्ये जोडायचा. एलईडी बल्ब इथे चालत नाही. रेडिओ चालू केल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तो पूर्ण तेजाने पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, ताबडतोब बंद करा. रेडिओऐवजी बल्ब सगळा भार घेतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. दहा-वीस रुपयांचा हा पहारेकरी रेडिओच्या दारात उभा केल्याशिवाय मी कोणताही रेडिओ चालू करत नाही.

चौथी पायरी म्हणजे दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते शोधणे. आवाजाच्या बटणाच्या मधल्या टोकावर इन्सुलेशन असलेल्या सळीने हलकेच स्पर्श केला की स्पीकरमधून घरघर यायला हवी. घरघर आली तर तिथपासून स्पीकरपर्यंतचा भाग चांगला आहे, दोष मागे आहे. नाही आली तर दोष पुढे आहे. एका चाचणीत अर्धा रेडिओ संशयातून सुटतो. पुढची चाचणी उरलेल्याच्या मध्यावर करायची. सहा व्हॉल्व्हच्या रेडिओत तीन-चार चाचण्यांत आपण दोषी भागाच्या दारात पोचतो.

एक प्रत्यक्ष तपास

आता माझ्या रेडिओची गोष्ट सांगतो. तो माझ्या आजोबांचा. सातारच्या घरून तो बाबांच्या काळ्या ट्रंकेत कपड्यांच्या घड्यांमध्ये गुंडाळून चेन्नईला आला. आजोबा आता नाहीत. रेडिओ पुन्हा वाजावा ही आजीची इच्छा. यापूर्वी दोनदा तो दुरुस्तीला दिला होता. दोन्ही वेळा नवा ईएल ८४ बसवला गेला, रेडिओ काही दिवस वाजला आणि पुन्हा बंद पडला. दुसऱ्या वेळी ईझेड ८० सुद्धा गेला होता. पुढे त्याला कुणी हात लावला नाही.

मी दोन्ही व्हॉल्व्हची यादी घेऊन रिची स्ट्रीटवर गेलो. तिथल्या एका वयस्कर दुकानदाराकडे दोन्ही होते. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. त्यांनी खोके काढले, माझ्याकडे पाहिले आणि परत फळीवर ठेवले.

"तंबी, आधीचा का जळाला?" त्यांनी मोडक्या हिंदीत विचारले.

"जुना झाला असेल."

"दोनदा जुना झाला?"

मला उत्तर देता आले नाही. ते म्हणाले, "ईझेड ऐंशी घेऊन जा. ईएल चौऱ्याऐंशी मी ठेवून देतो. माझ्याकडे आता थोडेच उरलेत. दोन नंबर पिनवरचे व्होल्ट मोजून आण. मग देतो."

घरी येऊन बाबांना स्विचपाशी उभे केले. बल्ब सिरीजमध्ये, ईझेड ८० जागेवर, ईएल ८४ चे सॉकेट रिकामे. सॉकेटची दोन नंबरची पिन म्हणजे ग्रिड. तिथे शून्य व्होल्ट हवेत, कारण आधीच्या व्हॉल्व्हकडून तिथे फक्त आवाज यायचा असतो, डीसी नाही. डीसीला अडवण्याचे काम ०.०१ मायक्रोफॅरडचा एक छोटा कपॅसिटर करतो. मीटरने ६ व्होल्ट दाखवले.

सगळी गोष्ट त्या ६ व्होल्टमध्ये होती. ग्रिडपासून सांगाड्यापर्यंत ४७० किलोओहमचा रेझिस्टर आहे. ६ भागिले ४,७०,००० म्हणजे सुमारे १३ मायक्रोअँपिअर. इतकीशी वीज त्या कपॅसिटरमधून गळत होती. साध्या मीटरने थंड असताना तपासला तेव्हा तो अगदी निर्दोष दिसला होता, कारण मीटर त्याला दोन-तीन व्होल्टच दाखवतो. शंभर व्होल्टसमोर उभा राहिला की तो गळायचा.

या गळतीचा परिणाम काय होतो ते मोजून पाहू. ईएल ८४ च्या कॅथोडला १५० ओहमचा रेझिस्टर आहे. त्यावर ७ व्होल्ट असतील तर वीज ७ भागिले १५०, म्हणजे सुमारे ४७ मिलीअँपिअर. हे योग्य आहे. पण ग्रिडवर नको ते ६ व्होल्ट आले की कॅथोडवर १२ व्होल्टच्या आसपास दिसतात आणि वीज ८० मिलीअँपिअरवर जाते. या व्हॉल्व्हची मर्यादा ६५ आहे. ईझेड ८० एकूण ९० मिलीअँपिअर देऊ शकतो. बाकीच्या व्हॉल्व्हना साधारण २५ लागतात. ८० अधिक २५ म्हणजे १०५. म्हणून आधी ईएल ८४ गेला आणि मग त्याला रसद पुरवता पुरवता ईझेड ८० सुद्धा गेला.

दोन वेळा जळालेल्यालाच दोषी धरून बदलले होते. खरा दोषी त्याच्या शेजारी बसलेला, न जळालेला, न फुगलेला, काही रुपयांचा कपॅसिटर होता. जळालेला भाग हा अनेकदा साक्षीदार असतो. त्याला विचारायचे असते, तुला कोणी जाळले?

दुसऱ्या दिवशी आकडे लिहिलेली वही घेऊन गेलो. अण्णांनी ती आधी पूर्ण वाचली. मग ६३० व्होल्टचा नवा फिल्म कपॅसिटर आणि ईएल ८४ दोन्ही कागदात बांधून दिले. कपॅसिटर बदलल्यावर ग्रिडवर शून्य आले. ईएल ८४ बसवून, सगळे आकडे ठीक आल्यावर बल्ब काढला आणि कॅथोडवर ७.१ व्होल्ट मिळाले. व्हॉल्व्ह तापायला अर्धे मिनिट लागले. मग मॅजिक आयची हिरवी पट्टी हळूहळू जवळ आली आणि ७२० वर तमिळ बातम्या लागल्या. आजीला एक शब्दही कळत नव्हता. ती बातम्या संपेपर्यंत खुर्चीवरून उठली नाही.

हवा आणि कागद

कपॅसिटर गळका का झाला? त्या काळी हे कपॅसिटर कागद आणि धातूच्या पातळ पट्ट्या गुंडाळून, वरून मेण किंवा डांबर लावून बनवत. मेणाला भेगा पडल्या की कागद हवेतला ओलावा ओढतो. ओला कागद विजेला पूर्ण अडवू शकत नाही. चेन्नईची हवा वर्षभर दमट असते, आणि कोकणात व मुंबईतही तेच. त्यामुळे किनाऱ्यावरच्या घरातला रेडिओ दिसायला कितीही चांगला असो, कागदी कपॅसिटर संशयितांच्या यादीत पहिले ठेवावेत. खाऱ्या वाऱ्याने सॉकेटच्या पिनाही गंजतात. व्हॉल्व्ह हलकेच आत-बाहेर करून आणि काँटॅक्ट क्लीनर लावून पुष्कळ खरखर नाहीशी होते.

जपायचे काय

दुरुस्ती करणाऱ्याला सगळे नवे करण्याचा मोह होतो. जमवणाऱ्याला काहीच बदलू नये असे वाटते. मी यात मधला मार्ग धरतो. जो भाग जीव घेऊ शकतो किंवा दुसऱ्या भागाला मारू शकतो तो बदलायचा. मेन्सची कुजलेली वायर, कागदी कपॅसिटर, फुगलेले मोठे कपॅसिटर हे जातात. लाकडी पेटी, कापड, बटणे, डायल हे राहतात. काढलेले भागही मी फेकत नाही. रेडिओचा क्रमांक लिहिलेल्या पाकिटात ठेवतो.

डायलच्या काचेला स्पिरिट कधीही लावू नका. केंद्रांची नावे मागच्या बाजूने रंगाने छापलेली असतात, एका पुसण्यात ती निघून जातात. कोरडे मऊ कापड पुरे. आजोबांच्या रेडिओच्या डायलवर पुण्याच्या जागी पेन्सिलची बारीक खूण आहे. आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले आणि १ एप्रिल १९५५ पासून तिथूनच गीतरामायणाची छप्पन्न गीते आठवड्याला एक अशी वर्षभर प्रसारित झाली. रेडिओ आजोबांनी त्यानंतर घेतला, पण पुणे केंद्र रोज पटकन लागावे म्हणून खूण त्यांनीच केली होती. काच स्वच्छ झाल्यावर आजीने पहिला प्रश्न विचारला, "ती खूण पुसली नाहीस ना?" पुसली नव्हती. दुकानात असा रेडिओ दुसरा मिळेल, ती खूण मिळणार नाही.

म्हणून प्रत्येक रेडिओबरोबर त्याची माहिती लिहून ठेवावी. कुणी घेतला, कुठे ठेवला होता, कोणते कार्यक्रम ऐकले जात. पूर्वी रेडिओसाठी टपाल कार्यालयातून परवाना काढावा लागे. ते परवान्याचे पुस्तक घरात सापडले तर रेडिओसोबत जपा. त्यावरच्या शिक्क्यांवरून रेडिओचे वय कळते.

या कामाला थोडी घाईही आहे. मध्यम लहरींवरचे काही प्रक्षेपक बंद झाले आहेत, लोक मोबाइलवर ऐकतात. व्हॉल्व्ह ओळखणारी अण्णांसारखी माणसे वयस्कर झाली आहेत आणि त्यांचे ज्ञान पुस्तकात कमी, बोटांत जास्त आहे. रेडिओ पुढची पन्नास वर्षे पेटीत टिकेल. ते ज्ञान कुणी शिकले तरच टिकेल.

कॅडेट मित्रांसाठी

दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांत वापरलेला वायरलेस सेट नंबर १९ हाही व्हॉल्व्हचाच होता, आणि आपण वर पाहिलेल्या सुपरहेटरोडाइन रचनेवरच चालत असे. हजारो किलोमीटर दूर, धुळीत आणि चिखलात ते सेट चालू ठेवणारी माणसे लागत. आपल्या सैन्यात १५ फेब्रुवारी १९११ पासून सिग्नल कोअर आहे. युद्ध चालू असतानाच, १५ ऑक्टोबर १९४३ रोजी, उपकरणे दुरुस्त करणारी ईएमई ही स्वतंत्र कोअर उभी राहिली. दुरुस्ती हे मागच्या फळीचे दुय्यम काम नाही, हे तेव्हाच ओळखले गेले होते.

आजची उपकरणे वेगळी आहेत, पण तपासाची रीत तीच आहे. चालू करण्याआधी पाहा. हात लावण्याआधी मोजा. अर्धा भाग संशयातून सोडवा. आकडा लिहून ठेवा. आणि जो भाग जळाला त्याच्यापाशी थांबू नका. शाळेत एखादा कॅडेट वारंवार आजारी पडतो, एखादा संघ एकाच मैदानावर हरतो, एखादी मोटार एकाच चढावर बंद पडते. तिथेही नवा भाग बसवण्याआधी दोन नंबरच्या पिनवर किती व्होल्ट आहेत ते विचारून पाहायला हरकत नाही.

या सुट्टीत घरी गेलात तर माळ्यावर नजर टाका. रेडिओ सापडला तर त्याचे व्हॉल्व्ह मोजा, क्रमांक लिहा, फोटो काढा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की त्यावर ते काय ऐकत होते. प्लग मात्र गुंडाळूनच ठेवा. शाळा उघडल्यावर ती यादी घेऊन भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत या. बल्ब, मीटर आणि सरांची परवानगी, तिन्हींची सोय आपण तिथे करू.